पेनल्टी नव्हती

आईस हॉकीशी माझा संबंध यावा असं माझ्या आयुष्यात काहीच नव्हतं. साताऱ्यात वाढलेला माणूस मी. आमच्याकडे बर्फ म्हणजे एक तर फ्रीजमधला, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. त्यावर उभं राहून, हातात काठी घेऊन कोणी एकमेकांच्या अंगावर धावून जातं, हे फार तर चॅनेल बदलताना पाहिलेलं. हॉकी म्हणजे आपली ध्यानचंदची, विषय कट.

तर झालं असं की २०२५ च्या जानेवारीत मला तीन महिन्यांसाठी न्यू जर्सीला पाठवलं. क्लायंटचं ऑफिस इझलिनला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इझलिन-एडिसनचा ओक ट्री रोड म्हणजे अमेरिकेत येऊन अमेरिका न बघता राहण्याची उत्तम सोय. वाणसामान, मिठाई, साड्या, सोनार, सगळं एका रस्त्यावर. शनिवारी खाली उतरावं तर कोपऱ्यावर कोणीतरी मराठीत मेथीच्या जुडीवरून वाद घालत असतं. पहिले तीन वीकेंड मी असेच काढले. चौथ्या आठवड्यात क्लायंटकडच्या एका म्हाताऱ्या आर्किटेक्टला माझी दया आली. (मनातल्या मनात मी त्याला आजोबा म्हणायचो. वय साठीच्या पुढे, कोड अजूनही स्वतः लिहितो, मीटिंगमधे फक्त शेवटी बोलतो.) आजोबा न्यू जर्सी डेव्हिल्सचे जुने भक्त. एक तिकीट जास्तीचं होतं. चल म्हणाले.

मेट्रोपार्कहून ट्रेन पकडून नेवार्क पेन स्टेशन, तिथून चालत प्रुडेन्शियल सेंटर. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हजारो लोक लाल जर्सी घालून बियर पितायत. मॅच कोणाशी होती आणि स्कोअर काय झाला हे सांगत बसत नाही, कारण पहिली वीस मिनिटं मला ती चकती, म्हणजे पक, दिसतच नव्हती. सगळे ओरडले की मी ओरडायचो. नंतर हळूहळू डोळा बसला. एका बाजूला सहा जण: एक गोली, दोन डिफेन्समन, तीन फॉरवर्ड. एक खेळाडू सलग मिनिटभरसुद्धा बर्फावर नसतो. जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, दुसरा आत. आणि ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने धडक देऊन आडवा करणं हे नियमात बसतं! त्याला बॉडी चेक म्हणतात. आपल्या कबड्डीत रेडरला कव्हरवाला जसा अंगावर घेतो तसंच काहीसं, फक्त इथे दोघंही ताशी तीस-चाळीस किलोमीटरने येत असतात.

मधल्या सुट्टीत मी वर बघितलं. छताला काही मोठे जर्सी नंबर टांगलेले. त्यातला एक ४. मी विचारलं, हा कोण?

आजोबांनी बियरचा ग्लास खाली ठेवला. (ही खूण मला ऑफिसातून माहीत होती. म्हणजे आता बोलणार.) ते म्हणाले, तो स्कॉट स्टीव्हन्स. तू आमच्याकडे जे काम करतोस ना, तेच तो करायचा.

आता माझं काम काय, तर रिलीज आणि प्रॉडक्शन सपोर्ट. डेव्हलपर लोक कोड लिहितात, तो प्रॉडक्शनवर जायच्या आधी माझ्या हाताखालून जातो. मला पटलं तर जातो, नाही पटलं तर परत. हे काम नीट झालं तर काहीही होत नाही. आणि "काहीही झालं नाही" याची पार्टी कोणी देत नाही. वर्षभर सिस्टीम चालू राहिली तर कोणी मेल टाकत नाही, पण पहाटे तीनला वीस मिनिटं बंद पडली तर माझं नाव सीसीत. त्यामुळे साडेसोळा हजार लोकांच्या डोक्यावर एका डिफेन्समनची जर्सी टांगलेली बघून मला जरा भरूनच आलं. आमच्या जमातीतला कोणीतरी छताला पोचला होता!

घरी येऊन मी दोन रात्री यूट्यूबवर घालवल्या.

स्कॉट स्टीव्हन्सचा जन्म १ एप्रिल १९६४ चा, कॅनडातल्या ओंटारियोमधल्या किचनर गावचा. १९८२ साली वॉशिंग्टन कॅपिटल्सनी त्याला ड्राफ्टमधे पाचवा उचलला आणि अठराव्या वर्षी तो थेट एनएचएलमधे खेळायला लागला. सुरुवातीचा स्टीव्हन्स म्हणजे तापट पोरगा. मारामारी, धडका, एकेका सीझनला दोनशेच्या वर पेनल्टी मिनिटं. पण नुसता दांडगट नव्हता, गोलही करायचा. १९८४-८५ च्या सीझनमधे २१ गोल आहेत त्याचे, डिफेन्समन असून.

मग सुरू झाली त्याची बदल्यांची गोष्ट, आणि ही वाचून कुठल्याही आयटीवाल्याला आपलंच रिसोर्स अलोकेशन आठवेल. १९९० मधे सेंट लुईस ब्लूजनी त्याला मोठा करार देऊन नेला. त्याबदल्यात कॅपिटल्सना पाच पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक मिळाले. एका माणसासाठी पाच! बरं, तिथे बायकापोरांसह स्थिरावतोय तोवर वर्षभरात ब्लूजनी न्यू जर्सीच्या ब्रेंडन शॅनहनला करारबद्ध केलं. त्याची भरपाई काय द्यायची, यावर वाद लवादाकडे गेला आणि लवादाने सांगितलं, स्टीव्हन्स द्या. याला कोणी विचारलंच नाही. १९९१ च्या सप्टेंबरात हा माणूस नाराज होऊन, उशिराने न्यू जर्सीत हजर झाला. पुढच्याच वर्षी तो कॅप्टन झाला आणि करिअर संपेपर्यंत तिथून हलला नाही. आपल्याकडे जबरदस्तीने दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलेली माणसं पहिल्या आठवड्यात नोकरीच्या साईटवर रेझ्युमे अपडेट करतात. (मी केलाय.)

पण मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. १९९३ मधे जाक लमेअर हे डेव्हिल्सचे कोच झाले आणि त्यांनी तो प्रसिद्ध, किंवा कुप्रसिद्ध, 'न्यूट्रल झोन ट्रॅप' आणला. बर्फाचं मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. दोन निळ्या रेषांनी त्याचे तीन भाग पडतात. आपला भाग, त्यांचा भाग आणि मधला. ट्रॅप म्हणजे काय, तर समोरच्याकडून पक हिसकायला त्याच्या भागात धावत सुटायचं नाही. मधल्या भागात जाळं लावून उभं राहायचं, त्याला हळूहळू कडेच्या भिंतीकडे ढकलत न्यायचं, आणि जागा संपली की गाठायचं. बघायला कंटाळवाणं. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळात अर्धी अमेरिका डेव्हिल्सना शिव्या घालायची. पण जाळं टिकायचं, आणि त्या जाळ्याच्या शेवटी, निळ्या रेषेवर, सहा फूट दोन इंच उंच स्टीव्हन्स उभा असायचा.

लमेअरांच्या पहिल्याच सीझनला, १९९३-९४ मधे, स्टीव्हन्सचे १८ गोल आणि ६० असिस्ट, म्हणजे ७८ पॉइंट्स झाले. अख्ख्या टीममधे सर्वात जास्त! यानंतर कोणीही म्हणेल, मला अजून पुढे खेळू द्या. याने उलट केलं. त्यानंतर पुढच्या कुठल्याही सीझनला त्याचे पॉइंट्स पस्तिशीलासुद्धा पोचले नाहीत. तो मागे राहायला लागला. आकडे घसरले आणि टीम जिंकायला लागली. १९९५ मधे डेट्रॉइटला ४-० असं धुऊन पहिला स्टॅनली कप, मग २००० मधे, मग २००३ मधे. तिन्ही वेळा कॅप्टन हाच. २००० साली प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी. आणि डिफेन्समनसाठी असणारी नॉरिस ट्रॉफी? एकदाही नाही. (अप्रेझलची पद्धत सगळीकडे सारखीच दिसते.) एक आकडा मात्र मी वहीत लिहून ठेवलाय. प्लस-मायनस म्हणून एक हिशोब असतो. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या टीमने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर वजा एक. स्टीव्हन्स २२ सीझन खेळला, १६३५ मॅचेस. एकाही सीझनला तो वजात गेला नाही.

इथपर्यंत मी खूश होतो. हिरो सापडला होता. मग यूट्यूबने बाजूला त्याच्या धडकांचे व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली.

२६ मे २०००. फिलाडेल्फिया, कॉन्फरन्स फायनलची सातवी आणि निर्णायक मॅच. एरिक लिंड्रॉस हा फ्लायर्सचा सगळ्यात मोठा खेळाडू. चांगला सहा फूट चार इंच, पण आधीच अनेक कन्कशन झालेली. आदल्याच, म्हणजे सहाव्या, मॅचला तो परत आलेला. पहिल्याच पीरियडमधे तो पक घेऊन निळी रेषा ओलांडून मधे वळतो. मान खाली, नजर पकवर. समोरून स्टीव्हन्स येतो. खांदा. लिंड्रॉस बर्फावर पडलेला असतो आणि उठत नाही. पेनल्टी नव्हती. कारण कोपर खाली होतं, पाय बर्फावर होते, पक लिंड्रॉसकडे होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे शंभर टक्के स्वच्छ. डेव्हिल्स २-१ ने जिंकले, पुढे कपही जिंकले. लिंड्रॉस पुढचा सगळा सीझन खेळला नाही (त्यात क्लबशी भांडणही होतं), आणि नंतर खेळला तरी पूर्वीचा राहिला नाही.

७ जून २००३, अनाहाइम. फायनलची सहावी मॅच. पॉल कारियाने पास देऊन झालाय, आणि स्टीव्हन्स येतो. पुन्हा खांदा. कारिया निपचित. कॅमेरा जवळ जातो, आणि काही सेकंदांनी त्याच्या हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ धरते. तेव्हा कळतं की माणूस जिवंत आहे. तो बाहेर गेला, थोड्या वेळाने परत आला आणि त्याच मॅचमधे गोल मारला. लोक त्याची गोष्ट अजून शौर्यकथा म्हणून सांगतात. मला मात्र ती वाफच आठवते. ही धडकही पेनल्टीशिवाय गेली. कारियाला पुढेही कन्कशन झाली आणि २०११ मधे त्यापायीच तो निवृत्त झाला.

कन्कशनची गंमत (गंमत कसली) अशी की हाड मोडत नाही. कवटी थांबते, आतला मेंदू थांबत नाही. अकरावीचं जडत्व. बाहेरून सगळं ठीक दिसतं.

तो व्हिडिओ मी पॉज केला आणि लॅपटॉप बंद केला. झोप लागली नाही. कारण मला एक वेगळाच कॉल आठवत होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात आम्ही दोघं एकाच टीममधे आणि एकाच फ्लॅटमधे होतो. त्याचं नाव लिहीत नाही, रूममेट म्हणू. तो डेव्हलपर, मी रिलीजला. त्या महिन्यात त्याच्या वडिलांची बायपास होती, नाशिकला. पोरगा शुक्रवारी रात्री एसटीने नाशिक, सोमवारी पहाटे परत, आणि मधल्या दिवसांत रात्री जागून काम. डोळे सुजलेले असायचे. मला हे माहीत होतं. त्याच्यासाठी डबा मीच झाकून ठेवायचो.

एका संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याची डेटाबेस स्क्रिप्ट माझ्याकडे आली. त्यात एक अट राहून गेलेली. ती तशीच प्रॉडक्शनवर गेली असती तर हजारो ग्राहकांचे रेकॉर्ड चुकीचे अपडेट झाले असते. मी पकडलं. हे माझं कामच होतं. रात्री साडेआठला क्लायंटबरोबर रिलीजचा कॉल. तीसेक लोक. मॅनेजरने विचारलं, सगळं तयार का? आणि मी स्क्रीन शेअर केला. ओळ दाखवली. अट नाही हे दाखवलं. काय काय बिघडलं असतं तेही दाखवलं, मुद्देसूद, तीन स्लाइडमधे. आवाज चढवला नाही, एक शब्द चुकीचा बोललो नाही. रूममेट कॉलवर होता. तो फक्त "येस, माय मिस्टेक" म्हणाला.

क्लायंटने माझं कौतुक केलं. त्या वर्षी मला वरचं रेटिंग मिळालं. रूममेटला दोन आठवड्यांत प्रोजेक्टवरून काढलं, तो बेंचवर गेला, आणि तीन महिन्यांनी नोकरी सोडून नाशिकलाच गेला. फ्लॅट सोडताना माझ्याशी नीटच बोलला. गॅसचे पैसेही देऊन गेला. कोणी मला काही म्हणालं नाही. म्हणणार काय? मी बरोबरच होतो.

पेनल्टी नव्हती.

आता मी इथे स्टीव्हन्सला खलनायक करत नाहीये. त्याने समोरच्याला सोडलं असतं तर मागे गोल झाला असता, आणि त्याला उभं केलं होतं तेच मुळी तिथे. शिवाय त्या निळ्या रेषेवर त्याच्याकडे अर्धा सेकंद असायचा. अर्ध्या सेकंदात कोणाची मान खाली आहे, कोणाला मागच्या महिन्यात काय झालं होतं, याचा हिशोब कोण करणार? पण माझ्याकडे पाच ते साडेआठ, साडेतीन तास होते. तो माझ्यापासून दोन डेस्कवर बसला होता. उठून जाऊन "अरे, ही अट राहिलीये बघ" म्हणायला दोन मिनिटं लागली असती. स्क्रिप्ट तेव्हाही थांबलीच असती. सिस्टीम तेवढीच सुरक्षित राहिली असती. फक्त माझ्या तीन स्लाइड वाया गेल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर मला त्या दाखवायच्या होत्या. "काहीही झालं नाही" याचं श्रेय कधीच मिळत नाही, तर निदान एकदा काय होणार होतं ते सगळ्यांना दिसू दे, असं वाटलं होतं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

स्टीव्हन्सची गोष्ट कशी संपली तेही सांगतो. २००३ च्याच प्लेऑफमधे, कारियाच्या आधीच्या एका फेरीत, टँपा बेच्या पावेल कुबिनाचा शॉट त्याच्या कानाजवळ लागला. टाके घालून तो पुढची मॅच खेळला, कप जिंकला. पण पुढच्या सीझनला ३८ मॅचेसनंतर थांबावं लागलं. निदान: पोस्ट-कन्कशन सिंड्रोम. ७ जानेवारी २००४ ही त्याची शेवटची मॅच ठरली, आणि सप्टेंबर २००५ मधे त्याने निवृत्ती जाहीर केली. ज्याच्या धडकांनी इतरांना हे दुखणं दिलं, तोही त्याच दुखण्याने गेला. लोकांना यात काव्यात्म न्याय वगैरे दिसतो. मला नाही दिसत. एका माणसाचं डोकं दुखतं म्हणून दुसऱ्याचं थांबत नाही.

२००६ मधे त्याचा ४ नंबर छताला गेला, डेव्हिल्सच्या इतिहासातला पहिला. २००७ मधे हॉल ऑफ फेम. त्याच वर्षी त्याच्याबरोबर हॉल ऑफ फेममधे गेलेल्यांत रॉन फ्रान्सिस होता, ज्याला २००१ च्या प्लेऑफमधे स्टीव्हन्सच्याच धडकेने कन्कशन झालं होतं. दोघं एकाच समारंभात. एकमेकांशी काय बोलले असतील?

आणि २०१० मधे एनएचएलने नियम बदलायला घेतला. आंधळ्या बाजूने डोक्यावर केलेली धडक बेकायदा ठरली, पुढच्या वर्षी तो नियम आणखी कडक झाला. म्हणजे जे स्वच्छ होतं ते बघता बघता अस्वच्छ झालं. आधी माणसं पडली, मग नियम आला. नेहमी याच क्रमाने येतो.

सोमवारी कँटीनमधे मी आजोबांना विचारलं, तुम्हाला तो लिंड्रॉसवाला हिट कसा वाटतो? ते थोडा वेळ कॉफी ढवळत बसले. म्हणाले, तेव्हा मी घरात सोफ्यावर उभा राहून नाचलो होतो, आता तो व्हिडिओ लावत नाही. एवढंच. मग म्हणाले, चल, कॉल आहे.

त्या रात्री मी रूममेटला मेसेज टाकला. लिहून पुसला, परत लिहिला. शेवटी दोनच ओळी गेल्या. "बाबा कसे आहेत? त्या दिवशी कॉलच्या आधी तुला येऊन सांगायला हवं होतं."

दोन निळ्या टिका. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बाबा मस्त, रोज सोमेश्वरपर्यंत चालून येतात. अरे तू चूक काहीच बोलला नव्हतास, स्क्रिप्ट गंडलेलीच होती."

मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात पाच मिनिटांनी अजून एक.

"पण हो. सांगायला हवं होतंस."

यावर मी काय लिहिणार? "हो" लिहिलं.

आता परत आलोय. रिलीजचं काम तेच आहे, कोड अजूनही परत पाठवतो, आणि पूर्वीपेक्षा कमी नाही. फक्त कॉलच्या आधी उठून त्या डेस्कपर्यंत जातो. कधी समोरचा वैतागतो, कधी चहा पाजतो. या वर्षीचं रेटिंग मधलंच आलं.

येत्या शनिवारी नाशिकला चाललोय. त्याच्या आईने जेवायलाच ये म्हणून सांगितलंय. डेव्हिल्सची एक लाल टोपी आणली होती, ती त्याच्यासाठी घेऊन जाईन म्हणतो. कोणती टीम, काय खेळ, त्याला काही कळणार नाही. सांगीन सावकाश.